मंक नको, पैलवान हवा: डी अँड डीमध्ये रिकाम्या हातांनी लढणारं पात्र

तुमचा प्रश्न मी असा समजलो. डी अँड डी, म्हणजे फाशांनी खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळात पाचव्या लेव्हलचं कॅम्पेन (सलग चालणारी मोहीम) चालू आहे, तुमचा धनुर्धारी मेला आणि आता नवीन पात्र आणायचंय. ते बिनहत्यारी हवंय. तुमच्या डोळ्यांसमोर गावाकडचा पैलवान आहे: लाल मातीत वाढलेला, कान मोडलेला, तलवारीला हात न लावणारा. डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) म्हणतो, "बिनहत्यारी ना? मग मंक घे, विषय संपला." मंक म्हणजे मठात घडलेला लढवय्या भिक्षू, आणि तुम्हाला मठ, ध्यान, झगा यातलं काहीच नकोय. वर धास्ती अशी की बाकीचे दोन हाती तलवार आणि फायरबॉल घेऊन उभे असताना आपण नुसत्या बुक्क्या मारत राहिलो तर आपला उपयोग काय? आणि वाचलेल्या सल्ल्यांनी गोंधळ वाढवलाय.

मी बरीच वर्षं डीएम म्हणून खेळवतो आणि बिनहत्यारी पात्रं टेबलावर चाललेली आणि फसलेलीही पाहिली आहेत. जी फसली त्यांतल्या बहुतेकांचा क्लास (पात्राचा पेशा) चुकलेला नव्हता. खेळाडूने आधी एक गोष्ट ठरवलेली नव्हती: हा माणूस मारणारा आहे की धरणारा? ठोसे, लाथा, भराभर वार करून निसटणारा लढवय्या वेगळा आणि एकदा पकड बसली की न सोडणारा वेगळा. खेळाच्या नियमांत या दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या आहेत. तुमचा पैलवान उघडच दुसऱ्या जातीचा आहे. म्हणून तुमच्या डीएमचं उत्तर चूक नसलं तरी तुमच्या प्रश्नाचं नाही.

मंक या खेळात आला तो १९७५ च्या ब्लॅकमूर पुरवणीतून, अमेरिकेत कुंगफूची लाट जोरात असताना. त्यामुळे त्याचा सगळा साज तिकडचा. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकातून तो वगळला गेला आणि २००० साली तिसऱ्या आवृत्तीत परतला. 'हात रिकामे म्हणजे मंक' हे समीकरण तेव्हापासून डोक्यात बसलंय. पाचव्या आवृत्तीत त्याला धरून बसायची गरज उरलेली नाही.

पुढचं काही ठरवण्याआधी डीएमला विचारा: आपण पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनी खेळतोय की २०२४ च्या सुधारित? तुम्ही जे सल्ले वाचून गोंधळलात असं लिहिलंय, त्यातला निम्मा गोंधळ इथला आहे. २०१४ मध्ये ग्रॅपल (शत्रूला धरणं) म्हणजे दोघांनी फासे टाकायचे, तुमचं अॅथलेटिक्स विरुद्ध समोरच्याचं अॅथलेटिक्स किंवा अॅक्रोबॅटिक्स. त्यामुळे तेव्हाचे सगळे हुशार सल्ले अॅथलेटिक्स फुगवण्याचे आहेत: रोग या चोरट्या चालीच्या क्लासची एक लेव्हल घेऊन एक्स्पर्टीज (कौशल्यात दुप्पट बोनस) मिळवा, बार्बेरियनच्या रेजने (संतापाच्या आवेशाने) अॅडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा घेणं) मिळवा. २०२४ मध्ये ही झटापट गेली. आता समोरचा स्ट्रेंग्थ (ताकद) किंवा डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा टाकतो, दोन्हींपैकी कुठला ते तो ठरवतो, आणि त्याला गाठायचा आकडा असतो ८ अधिक तुमचा स्ट्रेंग्थ मॉडिफायर (गुणावरून निघणारी भर) अधिक प्रोफिशिएन्सी (लेव्हलप्रमाणे वाढणारा बोनस). तुमचं अॅथलेटिक्स कितीही असो, पकड बसवताना त्याचा काही संबंध नाही. जुना लेख वाचून रोगची लेव्हल घेतलीत आणि टेबल २०२४ चं निघालं, तर ती लेव्हल पकडीच्या कामी येणार नाही. खाली मी २०२४ धरून लिहितोय आणि जिथे फरक पडतो तिथे सांगतोय.

आता तुमची धास्ती, आकड्यांची. पाचवी लेव्हल, स्ट्रेंग्थ १८ असं धरू. फाइटरने 'अनआर्म्ड फायटिंग' ही फायटिंग स्टाइल घेतली (ही २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकात आली, आता मूळ पुस्तकातही आहे) की हातात हत्यार किंवा ढाल नसताना ठोशाला डी-८ (आठ बाजूंचा फासा) मिळतो. म्हणजे स्ट्रेंग्थचे ४ धरून सरासरी साडेआठ इजा, दोन ठोसे बसले तर १७. कुणाला धरून ठेवलं असेल तर तुमच्या पाळीच्या सुरुवातीला त्याला आणखी डी-४, फासा न टाकता. शेजारचा दोन हाती तलवारवाला त्याच स्ट्रेंग्थवर दोन वारांत सरासरी २२ काढतो. शिवाय २०२४ मध्ये हत्यारांना मास्टरीचे गुण (हत्यारागणिक खास परिणाम) मिळतात आणि ठोशाला तो लाभ नाही. म्हणजे फरक आहे. पण 'उपयोग काय' म्हणण्याइतका नाही, आणि मुळात तुमची खरी कमाई या खान्यात मांडायचीच नसते. ती इतरांच्या फाशांत दिसते.

कशी, ते एका प्रसंगात बघू. पुलावर ओगर (थोराड राक्षस) उभा आहे. मागे तुमची रोग, बाजूला तलवारवाला, लांबवर धनुष्यवाली रेंजर. ओगरची स्ट्रेंग्थ १९, डेक्स्टेरिटी ८. तुमचा पाचव्या लेव्हलचा पैलवान त्याला भिडतो. तुमचा आकडा ८ अधिक ४ अधिक ३, म्हणजे १५. ओगर शहाणा असेल तर स्ट्रेंग्थ निवडेल, अधिक ४ मिळतील, त्याला फाशावर ११ किंवा वर हवेत. निम्मी शक्यता. समजा पकड बसली. ओगरचा वेग शून्य झाला आणि तुम्हाला सोडून इतर कुणावर वार करायचा तर त्याला डिसअॅडव्हांटेज (दोन फाशांतला लहान घेणं). दुसऱ्या वाराच्या जागी तुम्ही त्याला ढकलून पाडता, तोच सेव्ह, तीच शक्यता. पडला, म्हणजे प्रोन झाला. उठायला अर्धा वेग खर्च करावा लागतो आणि याचा वेग तर शून्य, त्यामुळे तो उठूच शकत नाही. आता सगळ्यांवरच, तुमच्यावरसुद्धा, त्याचे वार डिसअॅडव्हांटेजने. पाच फुटांत असलेल्या तुमच्या माणसांना अॅडव्हांटेज, म्हणजे रोगला स्नीक अॅटॅकचे (संधी साधून केलेल्या वाराच्या जादा इजेचे) ३ डी-६ हमखास जोडता येतात. सुटायचं तर ओगरला पूर्ण अॅक्शन घालून १५ गाठावे लागतील, ती पुन्हा निम्मी शक्यता, आणि जमलं नाही तर त्याची पाळी वाया. मातीतल्या कुस्तीत चितपट झालं की निकाल लागतो, इथे पाडल्यावर खरं काम सुरू होतं.

यात एक मेख आहे, ती खेळाडू विसरतात. प्रोन शत्रूवर पाच फुटांपलीकडून वार केला तर डिसअॅडव्हांटेज असतो. म्हणजे तुम्ही ओगरला पाडलंत की रेंजरचं काम तुम्हीच बिघडवलंत. तुमच्या गटात धनुष्य आणि लांबून मारा करणारे जास्त असतील तर नुसतं धरा, पाडू नका. तलवारी आणि रोग जास्त असतील तर बिनधास्त पाडा. हे टेबलावर आधी बोलून घ्या, नाहीतर पहिल्या लढाईनंतर रेंजर तुमच्यावर रागावलेली असेल.

आता पात्र. तुम्ही वर्णन केलेल्या माणसासाठी मी २०२४ च्या पुस्तकातून गोलाएथ जातीचा फाइटर घेईन. कारणं अगदी व्यवहारी आहेत. गोलाएथला कुठल्या राक्षसकुळाचा वारसा ते निवडावं लागतं. टेकडीवरच्या राक्षसांचा, म्हणजे हिल जायंटचा वारसा घेतला की वार बसून इजा झाल्यावर समोरच्याला सेव्ह न देता प्रोन करता येतं, लार्ज आकारापर्यंत. हे प्रोफिशिएन्सीइतक्या वेळा, तुमच्या लेव्हलला तीनदा, आणि मोठ्या विश्रांतीनंतर पुन्हा. पाचव्या लेव्हलला गोलाएथ दिवसातून एकदा दहा मिनिटं लार्ज होऊ शकतो आणि त्याचा वेग ३५ वरून ४५ होतो. ग्रॅपल स्वतःपेक्षा एकच आकार मोठ्याला करता येतं, त्यामुळे लार्ज झालात की ह्यूज आकाराचा हिल जायंटसुद्धा पकडीत येतो. शिवाय दुसऱ्याने तुम्हाला धरलं तर सुटायच्या फाशावर अॅडव्हांटेज. पैलवानाला याहून सोयीचं रक्त मला तरी माहीत नाही.

बॅकग्राउंड घ्या फार्मर. स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशन वाढवता येतात आणि 'टफ' फीट (खास क्षमता) मिळतो, म्हणजे दर लेव्हलला दोन हिट पॉइंट (जीव) जादा. गावाकडचा शेतकरी पैलवान हे तुमच्या गोष्टीतही चपखल बसतं. सगळीकडे 'टॅव्हर्न ब्रॉलर' सुचवतात, तो सेलर बॅकग्राउंडमधून मिळतो. वाईट नाही, ठोशाच्या फाशावर १ आला तर पुन्हा टाकता येतो. पण त्याची मुख्य गंमत म्हणजे शत्रूला पाच फूट मागे ढकलणं, आणि तुम्हाला तो जवळच हवाय. ठोसेबाजाचा फीट आहे तो, तुमचा नव्हे.

चौथ्या लेव्हलला 'ग्रॅपलर' फीट. इथे जपून, २०१४ चा ग्रॅपलर फीट अगदी सुमार होता, त्यातल्या पिनने दोघेही जखडले जायचे. जुन्या टेबलावर त्याच्या वाटेला जाऊ नका. २०२४ चा मात्र तुमच्यासाठीच लिहिलाय जणू. स्ट्रेंग्थ एकने वाढते. अॅटॅक अॅक्शनमधल्या ठोशाने इजा आणि ग्रॅपल दोन्ही एकदम करता येतं, पाळीला एकदा. धरलेल्यावर तुमच्या वारांना अॅडव्हांटेज. आणि तुमच्या आकाराच्या किंवा लहान शत्रूला ओढून नेताना जादा वेग खर्च होत नाही, एरवी दर फुटाला एक फूट जादा जातो.

हे सगळं जुळवून पाहा. पहिला ठोसा बसला: डी-८ अधिक ४ इजा, गोलाएथच्या वारशाने तो जमिनीवर, आणि त्याच ठोशासोबत ग्रॅपलचा सेव्ह. सेव्ह चुकला तर एका वारात माणूस आडवा आणि पकडलेला, दुसरा वार अॅडव्हांटेजने. वर्णन करताना याला धोबीपछाड म्हणा, टेबलावर कुणाची हरकत नसते. नुसतं ढकलून पाडलं तर एकेरी पट काढला म्हणा, नुसतं घट्ट धरलं तर कलाजंगची तयारी. नियमांना नावांशी घेणंदेणं नाही, पण दर वेळी 'मी ग्रॅपल करतो' ऐकून डीएमही कंटाळतो.

तिसऱ्या लेव्हलचा सबक्लास (क्लासमधली उपशाखा): डीएम टाशाचं पुस्तक चालवत असेल तर रून नाइट. त्याच्या 'जायंट्स माइट'ने तुम्ही लार्ज होता, पाळीतून एकदा हत्याराच्या वाराला किंवा ठोशाला डी-६ जादा मिळतो, आणि हे प्रोफिशिएन्सीइतक्या वेळा. गोलाएथचं लार्ज होणं आणि हे एकमेकांवर चढत नाही, दोन्ही वापरून ह्यूज व्हाल असं नाही. तरी दिवसभरातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या लढाईत मोठं व्हायची सोय होते. रून नाइट मिळत नसेल तर बॅटल मास्टर, त्याचा 'ट्रिप अॅटॅक' ठोशावरही चालतो आणि वारसा संपल्यावर पाडायचं काम तो करतो. चॅम्पियन सोपा आहे, पण तुम्हाला काही नवीन देत नाही.

चिलखत घालायला लाजू नका. लंगोटावरचा पैलवान चित्रात छान दिसतो, पण तुम्ही सतत शत्रूच्या मिठीत असणार आहात. साखळी चिलखताचा संरक्षणाचा आकडा १६, पैसे असतील तर प्लेटचा १८ घ्या. उघड्या अंगाचाच हट्ट असेल तर मग बार्बेरियन, ज्याला डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशनवर बिनचिलखती संरक्षण मिळतं. रेजची जादा इजा ठोशालाही लागू होते, डी-१२ चे हिट पॉइंट आहेत आणि २०१४ च्या टेबलावर तर ग्रॅपलसाठी तोच पहिला पर्याय, कारण रेजमध्ये अॅथलेटिक्सला अॅडव्हांटेज. टाशाच्या पुस्तकातला 'पाथ ऑफ द बीस्ट' नखं-दात देतो, पण तो जनावर होतो, पैलवान राहत नाही.

इथवर लिहून मी आता तुमच्या डीएमची बाजू घेणार आहे, थोडीशी. २०२४ च्या नियमांत मंकला ग्रॅपल आणि ढकलण्याचा आकडा स्ट्रेंग्थऐवजी डेक्स्टेरिटीवर काढता येतो. त्याचा बोनस अॅक्शनचा (पाळीतल्या जादा छोट्या कृतीचा) ठोसासुद्धा ग्रॅपलसाठी वापरता येतो, आणि आता तो मिळायला आधी वार केलेला असायची अट नाही. पाचव्या लेव्हलला त्याचा ठोसा डी-८ (२०१४ मध्ये डी-६ होता), एक फोकस पॉइंट खर्चून पाळीला चार ठोसे, सगळे बसले तर डेक्स्टेरिटी १८ वर सरासरी ३४. वेग ४०. म्हणजे निव्वळ आकड्यांत तो तुमच्या फाइटरच्या पुढे आहे आणि धरण्यातही मागे नाही.

आणि पैलवान आडदांडच असतो असं कुणी सांगितलं? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिम्पिक कांस्य घेऊन आले ते बँटमवेट गटात. चपळाई आणि डावाची अचूकता हीच त्यांची ताकद होती. झगा काढून टाका, 'फोकस पॉइंट'ला दम म्हणा, मठाऐवजी तालीम आणि गुरूऐवजी वस्ताद म्हणा. कागदावर मंक आणि टेबलावर कोल्हापूरच्या खासबागेत उतरणारा हलक्या वजनाचा पैलवान तयार होतो. 'ओपन हँड'चा सबक्लास घेतला तर भराभर मारलेल्या जोडठोशांवर पाडणं, ढकलणं हेही येतं. तुमच्या मनातला पैलवान डोंगरासारखा असेल तर फाइटर, पाऱ्यासारखा असेल तर मंक. दोन्ही ठिकाणी ग्रॅपलर फीट तोच. फक्त मंकला डेक्स्टेरिटी आणि विझ्डम दोन्ही चांगले लागतात, हिट पॉइंट डी-८ चे असतात आणि पहिल्यांदा खेळणाऱ्याला पॉइंट मोजत बसावं लागतं. टेबल २०१४ चं असेल तर मी मंक सुचवणार नाही, तिथे त्याला ग्रॅपलसाठी वेगळी स्ट्रेंग्थ लागते आणि ती त्याच्याकडे नसते.

बाकीचे पर्याय भराभर. रोगचा स्नीक अॅटॅक ठोशावर चालत नाही, त्याला ठरावीक प्रकारचं हत्यारच लागतं. त्यामुळे बिनहत्यारी रोग विसरा. पॅलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा) स्माइट, म्हणजे दैवी तेजाची जादा इजा, २०१४ मध्ये ठोशाला लागत नव्हता, २०२४ मध्ये लागतो, आणि फायटिंग स्टाइलही घेता येते. तो धार्मिक मल्ल म्हणून झकास पात्र होईल, पण स्माइट बोनस अॅक्शन खातो. मंक आणि बार्बेरियन एकत्र करायचा मोह प्रत्येकाला होतो. दोघांची बिनचिलखती संरक्षणं एकत्र होत नाहीत, एकच निवडावं लागतं, आणि चार-चार गुण चांगले लागतात. पाचव्या लेव्हलला तर मुळीच नको, एक्स्ट्रा अॅटॅक (पाळीतला दुसरा वार) लांबतो.

आता पकड कुठे सुटते ते. भुतं धरता येत नाहीत, पाडताही येत नाहीत. उडणारा शत्रू हाताला लागेपर्यंत तुम्ही प्रेक्षक, म्हणून दोन-तीन भाले जवळ ठेवा आणि 'मी हत्यार धरत नाही' हे व्रत एवढ्यापुरतं सैल करा. चेटकी-जादूगारांबद्दल मोठा गैरसमज आहे: धरलं म्हणजे मंत्र बंद झाले असं मुळीच नाही. तो तुमच्या मिठीतून फायरबॉल टाकू शकतो, आणि 'मिस्टी स्टेप' (क्षणात दुसरीकडे प्रकटण्याचा मंत्र) म्हटलं की हात रिकामे. यावर उतारा गटाकडे असतो. क्लेरिक किंवा बार्डला 'सायलेन्स' घ्यायला सांगा. वीस फूट त्रिज्येच्या त्या शांततेत तोंडाने म्हणायचे मंत्र चालत नाहीत आणि मिस्टी स्टेपला तोंडच लागतं. जादूगाराला धरायचं, ओढत आत न्यायचं आणि तिथेच बसायचं. बिचाऱ्याकडे मग काठी उरते.

ओढून नेणं हा या पात्राचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ड्रुइड किंवा रेंजर 'स्पाइक ग्रोथ' टाकते, त्या काट्यांच्या जमिनीत दर पाच फुटांना २ डी-४ इजा. तुम्ही कडेकडेने बाहेरून चालायचं आणि शत्रूला काट्यांतून फरफटत न्यायचं. ग्रॅपलर फीट नसलेला, ३० वेगाचा माणूस १५ फूट ओढतो, सरासरी १५ इजा. फीट असलेला तुमचा लार्ज झालेला गोलाएथ ४५ फूट ओढतो, सरासरी ४५ इजा, तीही मंत्राची एकच जागा खर्चून. बोनस अॅक्शनमध्ये पुन्हा धावणारा मंक तर याहून लांब नेतो. ओढलेला शत्रू स्वतः 'चालला' का, यावर काही डीएम हरकत घेतात. लढाईच्या मध्यात वाद घालण्यापेक्षा आधीच विचारून ठेवा.

अजून एक, २०२४ पुरतं. तुमच्या टप्प्यातून कुणी निघून जाऊ लागला तर अपॉर्च्युनिटी अॅटॅकला हत्यार नसलं तरी अनआर्म्ड स्ट्राइक चालतो, आणि त्यातून ग्रॅपलही. पळणाऱ्याचा दंड धरला की वेग शून्य, तो तिथेच. मागच्या जादूगारणीकडे धावणाऱ्या गुंडाला दारात अडवणं यासाठी याहून चांगला माणूस गटात नसतो. आणि हात दोन असतात, म्हणजे दोघांना धरता येतं. ठोसा डोक्याने किंवा गुडघ्यानेही बसतो, त्यासाठी हात मोकळा असायची गरज नाही.

जादूच्या वस्तूंचं डीएमशी बोलून घ्या. तलवारवाल्याला वाटेत अधिक एकची तलवार सापडतेच, ठोसेवाल्याला सहसा काही सापडत नाही, आणि दहाव्या लेव्हलपर्यंत हे अंतर बोचायला लागतं. २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये 'रॅप्स ऑफ अनआर्म्ड पॉवर' आहेत, टाशाच्या पुस्तकात 'एल्ड्रिच क्लॉ टॅटू'. तालमीतल्या वस्तादाने हाताला बांधलेली पट्टी किंवा दंडावरचं गोंदण म्हणून ती गोष्टीत सहज येते. २०१४ च्या टेबलावर हे जास्त निकडीचं, कारण तिथे कितीतरी राक्षसांवर बिनजादूच्या माराची इजा अर्धी होते. मंकला ही सोय सहाव्या लेव्हलला आपोआप मिळते, फाइटरला मागावी लागते.

तुमच्या पाचव्या लेव्हलच्या कागदासाठी: स्ट्रेंग्थ १५ वरून बॅकग्राउंडचे दोन आणि फीटचा एक धरून १८, कॉन्स्टिट्यूशन १४ वरून १५, बाकी जमेल तसं, करिझ्मा खुशाल कमी ठेवा. गोलाएथ, फार्मर, फाइटर, अनआर्म्ड फायटिंग, रून नाइट, ग्रॅपलर. सहाव्या लेव्हलला फाइटरला आणखी एक फीट मिळतो, तेव्हा नवीन काही घेण्याच्या भानगडीत न पडता स्ट्रेंग्थ २० करा. पकडीचा आकडा १५ चा १६ होतो आणि प्रत्येक ठोशात एकाची भर पडते. तुमच्या डीएमचं टेबल २०१४ चं निघालं तर हे सगळं तसंच नेऊ नका. तिथे बार्बेरियन घ्या, अॅथलेटिक्समध्ये प्रोफिशिएन्सी घ्या, चौथ्या लेव्हलला फीटऐवजी स्ट्रेंग्थ वाढवा, आणि गटातल्या विझर्डला 'एन्लार्ज' (आकार वाढवणारा मंत्र) शिकून ठेवायला सांगा. कुठलं टेबल आहे ते कळलं आणि गटात आणखी कोण कोण आहे ते सांगितलंत, तर पाडायचं की नुसतं धरायचं हेही नक्की करून देतो.